गांबियाचे हिवाळी पाहुणे

आफ्रिकेचा नकाशा पुढे घेऊन त्याच्या पश्चिमेकडील फुगवट्यावर बोट ठेवले, म्हणजे सेनेगल देशाच्या पोटात समुद्राकडून शिरलेली एक अरुंद पट्टी दिसते. तिच्या मधून एक नदी वाहते, आणि त्या नदीचे दोन्ही काठ धरून जेवढी भूमी आहे तेवढाच हा देश. गांबिया हे नदीचे नाव, आणि तेच राष्ट्राचेही. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर याहून लहान देश नाही. क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी; लांबी तीनशे किलोमीटरांवर, परंतु रुंदी पन्नासांच्या पलीकडे फारशी कोठे जात नाही. इंग्रजी गलबतावरील तोफेचा गोळा जेथवर पोचला तेथवर सरहद्द आखली गेली, अशी एक कथा त्या बाजूस सांगतात. कथा खरी नाही; परंतु तिचे मर्म खोटे म्हणता येत नाही. १८८९ साली इंग्रज व फ्रेंच यांनी आपसांत करार करून ज्या रेघा ओढल्या, त्या ओढताना तेथील मांडिंका, वोलोफ, फुला किंवा जोला लोकांस कोणी विचारले नव्हते.

अशा देशाने पोट कसे भरावे? इंग्रजी अमलात त्याचे उत्तर एकच होते, भुईमूग. १८३० नंतरच्या दशकांत भुईमुगाची निर्यात सुरू झाली आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षे सगळा देश त्या एका शेंगेवर उभा राहिला. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी गांबिया स्वतंत्र झाला, तेव्हा हे चिमुकले राष्ट्र स्वतंत्रपणे जगू शकेल काय, याविषयी बाहेरच्या जाणत्या लोकांस मोठी शंका होती. खनिज नाही, कारखाने नाहीत, आणि एका पिकाचा भाव परक्यांच्या बाजारात ठरणार. परंतु त्याच वर्षी, जवळजवळ कोणाच्या ध्यानीमनी नसताना, या देशास दुसरा एक धंदा सापडला.

तो सापडला एका स्वीडिश गृहस्थाला. बर्टिल हार्डिंग हे त्याचे नाव. स्वीडनचा हिवाळा म्हणजे काळोख आणि बर्फ; दुपारी तीनला दिवे लावावे लागतात. उलट गांबियात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पावसाचा थेंब पडत नाही, आकाश स्वच्छ असते, समुद्र उबदार असतो, आणि युरोपपासून विमानाने सहा-सात तासांत तेथे पोचता येते. १९६५-६६ च्या हिवाळ्यात सुमारे तीनशे स्वीडिश प्रवासी या किनाऱ्यावर उतरले. पुढे त्या किनाऱ्यालगतच्या हमरस्त्यास हार्डिंगचे नाव देण्यात आले. पुढे दहा वर्षांच्या आत वर्षाकाठी येणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली, सरकारने समुद्रकाठची एक लांब पट्टी हॉटेलांसाठी राखून ठेवली, आणि जागतिक बँकेच्या कर्जातून रस्ते, वीज व पाणी यांची सोय होऊ लागली.

या हिवाळी पाहुण्यांविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्वीडनमधून दर हिवाळ्यात गांबियाकडे येणारे ते पहिले प्रवासी नव्हतेच. उत्तर युरोपातील वटवटे, पिवळे धोबी, मासे धरणारी ऑस्प्रे नावाची मोठी घार, होल्यांचे थवे, हे सर्व हजारो वर्षांपासून याच ऋतूत, याच दिशेने, आणि याच कारणासाठी सहारा ओलांडून येत आहेत. विमानांनी केवळ त्यांच्या वाटेचे अनुकरण केले. पुढे ज्या दोन गोष्टींमुळे गांबियाचे नाव जगात झाले, त्यांतील एक म्हणजे हे पक्षी. दुसरी गोष्ट पक्ष्यांइतकी निरागस नव्हती.

ती दुसरी गोष्ट समजण्यास नदीच्या मुखाकडे, थोडे मागच्या काळात, गेले पाहिजे. १४५० नंतरच्या काही वर्षांत पोर्तुगीज गलबते या नदीत शिरली. १६५१ साली बाल्टिक समुद्रावरील कूरलँड नावाच्या एका छोट्या संस्थानाने नदीमधल्या लहानशा बेटावर किल्ला बांधला; दहा वर्षांनी तो इंग्रजांनी घेतला आणि राजबंधू जेम्स याचे नाव बेटास दिले. समोरच्या उत्तर तीरावर अल्ब्रेडा येथे फ्रेंचांची वखार आणि तिच्या शेजारीच जुफुरे येथे इंग्रजांची. हस्तिदंत, मेण, कातडी आणि माणसे, हा त्या वखारींचा माल. १८०७ साली इंग्लंडने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. १८१६ साली नदीच्या मुखाशी बाथर्स्ट शहर वसविले ते हा व्यापार अडविण्यासाठी. त्या शहराचे नाव १९७३ साली बांजुल झाले. किल्ला मोडून पडला, बेटावर झाडे वाढली, आणि दीडशे वर्षे त्या दगडांकडे फारसे कोणी फिरकले नाही.

१९७६ साली अॅलेक्स हेली या अमेरिकन निग्रो लेखकाचा ‘रूट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या कहाण्यांचा माग काढीत हेली १९६७ साली जुफुरे गावी पोचला होता. तेथे केब्बा फोफाना नावाच्या वृद्धाने किंते घराण्याची वंशावळ त्याला म्हणून दाखविली. मांडिंका समाजात ‘जली’ नावाचे लोक असतात. आपल्याकडील भाट-चारणांप्रमाणे पिढ्यान् पिढ्यांचा इतिहास मुखोद्गत ठेवणे हा त्यांचा वंशपरंपरागत धर्म. त्या वंशावळीत कुंता नावाचा एक तरुण लाकूड तोडण्यास रानात गेला तो परत आलाच नाही, एवढा उल्लेख आला, आणि हेलीला आपला मूळपुरुष सापडला. १७६७ साली गुलाम म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरविलेला कुंता किंते तो हाच, असे त्याने जगास सांगितले. जानेवारी १९७७ मध्ये या ग्रंथावरून केलेली मालिका आठ रात्री ओळीने दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, आणि अमेरिकेतील कोट्यवधी घरांतून लोकांनी ती पाहिली. ज्यांच्या पूर्वजांची नावे, गावे, भाषा सर्व पुसून टाकण्यात आली होती, त्या लोकांस प्रथमच एका गावाचे नाव मिळाले. ते नाव जुफुरे.

मालिका संपून तीन महिने झाले नाहीत तोच मार्क ऑटवे या इंग्रज पत्रकाराने या कथेतील भेगा दाखविण्यास आरंभ केला. फोफाना हा परंपरेने जली नव्हता. हेली कोणत्या गोष्टीच्या शोधात आहे हे त्याला आधीच समजले होते. पुढे १९८१ साली गांबियाचा इतिहास अभ्यासणाऱ्या डोनाल्ड राइट या प्राध्यापकाने त्या गावी जाऊन, जुन्या लोकांस भेटून हेच अधिक साधार मांडले. आणखी एक गोष्ट अशी की, ग्रंथातील जुफुरे हे जगापासून दूर, गोरा माणूस न पाहिलेले गाव आहे. खऱ्या जुफुरेच्या अंगणात तर अठराव्या शतकात इंग्रजांची वखारच होती. आपल्या ग्रंथात सत्य आणि कल्पना यांचे मिश्रण आहे हे हेलीने स्वतःही नाकारले नाही.

असे असता जुफुरेस जाणाऱ्यांचा ओघ थांबला काय? मुळीच नाही. आणि याबद्दल त्यांना हसण्याचेही कारण नाही. कुंता किंते त्याच गावचा होता की नाही, हा इतिहासकाराचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थीच द्यावे लागेल. परंतु त्या नदीवरून हजारो माणसे साखळदंडांनी जखडून नेली गेली, याविषयी कोणासही शंका नाही. ज्यास आपल्या पूर्वजाचे नाव ठाऊक नाही, त्याने उसन्या नावापुढे मस्तक नमविले, तरी त्याचे दुःख उसने नसते. अडचण वेगळीच होती. अमेरिकेतून येणाऱ्यांपेक्षा किनाऱ्यावरील हॉटेलांतून सकाळी बोटीने येऊन सायंकाळी परतणाऱ्या युरोपीय सहलवाल्यांचा भरणा तेथे अधिक झाला. अर्ध्या दिवसाची सहल, त्यात मुखियाची भेट, किंते घराण्याच्या वृद्ध आप्तांबरोबर एक छायाचित्र, आणि बोटीकडे परतताना मागे धावणारी मुले. पैसा मिळाला तो मुख्यतः बोटीच्या मालकास.

हा सर्व प्रपंच एका मोठ्या राजकीय घडामोडीत ओढला गेला तो १९९४ नंतर. त्या वर्षी २२ जुलै रोजी याह्या जामे या तरुण लष्करी अधिकाऱ्याने स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेल्या दावदा जावारा यांस पदच्युत केले. नोव्हेंबरात लष्करातच पुन्हा रक्तपात झाला, तेव्हा ब्रिटिश सरकारने आपल्या नागरिकांस तिकडे न जाण्याचा सल्ला दिला. एक सरकारी पत्रक निघाले आणि ऐन हंगामात विमाने रिकामी झाली. आदल्या वर्षी नव्वद हजारांच्या घरात असलेली प्रवाशांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. हॉटेले बंद पडली, माळी, आचारी, खोल्या झाडणाऱ्या बायका, फळे विकणाऱ्या बायका, भाड्याची मोटार चालविणारे, सर्वांची चूल थंडावली. पत्रक चार महिन्यांनी मागे घेतले गेले. परंतु दुसऱ्याच्या एका सल्ल्यावर आपली भाकरी अवलंबून आहे, हा धडा देशाने कायमचा घेतला.

नव्या राजवटीस आता युरोपबाहेरचे पाहुणे हवे होते, आणि आपली प्रतिष्ठाही वाढवावयाची होती. ‘रूट्स’चे नाव हाताशी होतेच. १९९६ साली पहिला ‘रूट्स’ उत्सव भरला. समुद्रापलीकडील आफ्रिकी वंशजांनी मायदेशी परत यावे, असे त्याचे आवाहन होते. पुढे तो साधारणतः एक वर्षाआड होत राहिला. बांजुलच्या रस्त्यांतून मिरवणूक, नगारे, मुखवटे, जुफुरेची यात्रा, बेटावर प्रार्थना, आणि मग अध्यक्ष जामे यांच्या कानिलाई या जन्मगावी जोला लोकांचा ‘फुताम्पाफ’. त्याच १९९६ साली अल्ब्रेडातील एका जुन्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या इमारतीत गुलामगिरीविषयीचे संग्रहालय उघडले. २००३ साली जेम्स बेट व त्याच्या परिसरातील स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि २०११ साली त्या बेटाचे नाव बदलून कुंता किंते बेट असे ठेवण्यात आले. ग्रंथातील पात्राचे नाव नकाशावर कोरले गेले. असे भाग्य फार थोड्या नायकांस लाभते.

फुताम्पाफविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण उत्सव आणि प्रवासी यांच्या संबंधातील मूळ पेच तेथेच आहे. जोला मुलगा पुरुष होतो तो या संस्काराने. तो वर्षानुवर्षांच्या अंतराने होतो. मुले रानात नेली जातात, तेथे वडीलधारी माणसे त्यांना जे शिकवितात ते बाहेर बोलावयाचे नसते. ज्याचा सारा अर्थ गुप्ततेत आहे, त्याची संक्षिप्त आवृत्ती उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत घालून परदेशी पाहुण्यांस त्यात सामील करून घेतले गेले. त्यांना नावे दिली, वस्त्रे दिली. त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत खरोखरीचे अश्रू आले असतील. पण आपल्या मुंजीचा समारंभ परगावच्या पाहुण्यांसाठी दर दोन वर्षांनी, ठरलेल्या तारखेस, राजाच्या अंगणात व्हावा, अशी कल्पना केली म्हणजे त्यात काय गमावले जाते हे उमगते.

याहून भयंकर विसंगती त्या काळात कोणास उघड बोलता आली नाही. पूर्वजांच्या मुक्तीचे सोहळे करणाऱ्या त्याच राजवटीत माणसे तुरुंगात नाहीशी होत होती. १६ डिसेंबर २००४ रोजी देयदा हायदारा या निर्भीड संपादकास गोळ्या घालून ठार करण्यात आले. जुलै २००५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील काही तरुण युरोपच्या वाटेवर होडीने येऊन बारा येथे उतरले. हे बारा म्हणजे नदीच्या मुखाशी, बांजुलच्या समोरचे बंदर. जुफुरेही त्याच उत्तर तीरावर. त्यांना परक्या राजवटीचे हस्तक समजून पकडण्यात आले, आणि पन्नासांहून अधिक जणांस ठार मारण्यात आले. त्यांतील बहुतेक घाना देशाचे होते. जामे यांच्या पतनानंतर नेमलेल्या सत्यशोधन आयोगापुढे २०१९ साली मारेकऱ्यांपैकी काहींनी हे आपल्या तोंडाने सांगितले, आणि २०२१ च्या अहवालात त्याची नोंद झाली. आफ्रिकेच्या लेकरांनो घरी या, असे ज्या तीरावरून पुकारले जात होते, त्याच तीरावर ते पकडले गेले.

सगळेच उत्सव असे वरून लादलेले नाहीत. नदीने आत गेले की मॅकार्थी बेटावर जांजांबुरे हे जुने गाव लागते. इंग्रजी अमदानीत त्यास जॉर्जटाउन म्हणत. तेथील ‘कांकुरांग’ प्रसिद्ध आहे. झाडाच्या लालसर सालीने आपादमस्तक झाकलेली ही आकृती, दोन हातांत दोन कोयते, कर्कश आरोळी. मुलांच्या सुंतेच्या वेळी ती त्यांचे वाईट शक्तींपासून रक्षण करते, आणि गावातील वाद, चोऱ्या, रानातील झाडांची नासाडी यांवरही तिचा धाक असतो. २००५ साली युनेस्कोने या संस्कारास मानवजातीच्या अमूर्त वारशात मान दिला. अलीकडे जांजांबुरेच्या तरुणांनी त्याच्या नावाने उत्सव भरविण्यास आरंभ केला आहे. येथेही पाहुणे येतात, पण गाव आधी आणि पाहुणे नंतर असा क्रम दिसतो. कांकुरांग रस्त्याने निघाला की भाविक लोक अजूनही दार लावून घेतात. ज्याला लोक भितात ती वस्तू निव्वळ तमाशा झालेली नाही, एवढे खचित म्हणता येते.

आता पक्ष्यांकडे वळू. गांबियात आजवर साडेपाचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. एवढ्याशा भूमीवर ही संख्या थक्क करणारी आहे. कारण सोपे आहे. समुद्रकिनारा, खाजणे, तिवरांची राने, भातखाचरे, गवताळ माळ आणि नदीकाठची दाट झाडी, हे सर्व एकमेकांना चिकटून आहे, आणि पुन्हा युरोपातून येणाऱ्या थव्यांच्या हमरस्त्यावर हा देश पडतो. मराठी डोळ्यांस त्यांतील काही अगदी घरचे वाटतील. आपल्या पेरूच्या बागा उद्ध्वस्त करणारा कंठवाला हिरवा पोपट तेथे जातीने तोच आहे, शिक्रा तोच, पाण्यावर एका जागी पंख फडफडवीत उभा राहून सूर मारणारा काळा-पांढरा खंड्याही तोच. दसऱ्यास ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या नीलपंखाचा भाऊबंद तेथे तारेवर बसलेला दिसतो. मात्र याच्या शेपटीला दोन लांब पिसे अधिक.

या संपत्तीकडे सरकारचे लक्ष गेले ते एका बिबळ्यामुळे. बाथर्स्टच्या दक्षिणेस, अबुको येथे, शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १९१६ पासून कुंपण घालून राखलेले एक रान होते. १९६७ साली कालिलू नावाच्या माणसाने वनखात्याचे अधिकारी एडी ब्रूअर यांच्याकडे तक्रार केली की, त्या रानातील बिबळ्या आपली डुकरे मारतो, त्यास गोळी घालावी. ब्रूअर बंदूक घेऊन गेले. आत शिरल्यावर त्यांना दिसले की, बाहेर सर्वत्र तुटून गेलेले मूळचे दाट अरण्य येथे पन्नास वर्षांच्या कुंपणामुळे तसेच उभे आहे. बिबळ्याला गोळी घालण्याऐवजी त्यांनी ते रान राखण्याची मागणी केली. १९६८ साली अबुको हे राखीव अरण्य झाले. पुढे वाढवूनही त्याचे क्षेत्र अवघे एकशे पाच हेक्टरांच्या आसपास, परंतु त्यात पावणेतीनशे जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. अध्यक्ष जावारा हे मूळचे पशुवैद्य. १९७७ च्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी वन्य जीवांच्या रक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, तो बांजुल जाहीरनामा म्हणून प्रसिद्ध आहे. नंतर कियांग, नियुमी, तांजी, बाओ बोलोन अशी एकामागून एक ठिकाणे राखीव झाली.

पक्षी पाहण्यासाठी येणारा प्रवासी हा वाळूत पडून राहणाऱ्या प्रवाशाहून निराळा प्राणी असतो. तो पहाटे उठतो, चिखल तुडवितो, आणि त्याला एका जागी राहून चालत नाही. एक पक्षी किनाऱ्यावर, दुसरा तेंदाबाच्या खाजणात, तिसरा थेट पूर्वेस बान्सांगच्या जुन्या वाळूच्या खाणीत, जेथे तांबड्या गळ्याचे वेडे राघू शेकडो बिळे करून राहतात. म्हणजे हा प्रवासी पैसा घेऊन देशाच्या पोटात जातो, जेथे हॉटेलांचा पैसा कधी पोचत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला सांगाती लागतो. सेनेगल व गांबियातील पक्ष्यांवर क्लाइव्ह बार्लो व त्यांचे सहकारी यांचा सचित्र ग्रंथ १९९७ साली निघाला. पण ग्रंथ बरोबर असूनही पानांआड बसलेले घुबड दाखविण्यास त्या गावचाच माणूस हवा. कोतू येथील खाडीच्या पुलाजवळ असे तरुण दुर्बिणी घेऊन उभे असतात. त्यांच्यातील पुष्कळांनी पक्ष्यांची इंग्रजी नावे आधी प्रवाशांकडून ऐकून आणि मग पुस्तकांतून शिकून पाठ केली; आता नुसत्या शिळेवरून ते पक्षी ओळखतात. एका झाडावर घुबडाची जोडी असेल तर ते झाड तोडण्यापेक्षा उभे ठेवण्यात फायदा आहे, हे गणित त्यांनी आपल्या गावास समजावून दिले. ब्रुफुतचे रान असेच गावकऱ्यांच्या देखरेखीखाली राहिले.

या पक्षिप्रेमींची खरी यात्रा काउरच्या पाणथळीत पुरी होते. तेथे ज्याच्या दर्शनासाठी माणसे समुद्र ओलांडून येतात, तो एक वीतभर पक्षी: राखी, काळा, पांढरा व नारिंगी, रेखीव चितारल्यासारखा. इंग्रजीत त्यास ‘इजिप्शियन प्लोव्हर’ म्हणतात. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने अडीच हजार वर्षांपूर्वी मगरीच्या उघड्या जबड्यात शिरून तिचे तोंड साफ करणाऱ्या पाखराची गोष्ट लिहून ठेवली. ते पाखरू हेच, असे पुढील लोकांनी ठरविले. प्रत्यक्षात मगरीच्या तोंडात शिरताना त्यास पाहिल्याचा भरवशाचा पुरावा नाही. परंतु तो आपली अंडी वाळूत पुरतो आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती थंड ठेवतो, हे मात्र पुराव्याने सिद्ध आहे, आणि मगरीच्या गोष्टीहून ते अधिक नवलाचे आहे. जुफुरेप्रमाणे येथेही प्रवासी एका अप्रमाण कथेच्या ओढीने येतो, आणि कथेहून मोठे काही पाहून जातो.

तरीसुद्धा पक्षी आले म्हणून देश सुखी झाला, असा समज कोणी करून घेऊ नये. पैशाचा मोठा प्रवाह अजून किनाऱ्यावरच आहे, आणि त्याची चावी गांबियाबाहेर आहे. १९९९ साली सरकारने धाडसाने एक बंदी घातली: राहणे, जेवण व पेय या सर्वांचे पैसे प्रवाशाने युरोपातच आगाऊ भरावयाचे आणि मग हॉटेलच्या आवाराबाहेर पैसाही सोडावयाचा नाही, अशा सहली बंद. फळवाल्या बायकांनी आणि छोट्या उपाहारगृहांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एका वर्षात बंदी उठवावी लागली. सहली आखणाऱ्या परदेशी कंपन्यांनी आपली विमाने दुसरीकडे वळविण्याची भाषा सुरू केली होती. २०१४ साली गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथे इबोलाची साथ पसरली; गांबियात एकही रोगी नव्हता, पण दूर बसलेल्या प्रवाशास सगळी पश्चिम आफ्रिका एकच वाटली. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत जामे हरले. त्यांनी पद सोडण्यास नकार दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये आणीबाणी पुकारली, तेव्हा ऐन हंगामात हजारो प्रवासी विमानांनी परत नेले गेले. २१ जानेवारीस जामे देशाबाहेर गेले. प्रवासी परतले, आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी इंग्लंडमधील थॉमस कुक ही १७८ वर्षांची जुनी कंपनी एका रात्रीत बुडाली. मुंबईच्या घरांनाही हे नाव जुन्या काळापासून परिचित. तेथील पेढी आज निराळ्या मालकीची आहे, म्हणून वाचली. गांबियाच्या हिवाळी पाहुण्यांचा मोठा हिस्सा या कंपनीच्या विमानांतून येत असे. त्यातून सावरण्याचा प्रयत्न चालू असताना मार्च २०२० मध्ये महामारीने विमानतळच बंद केला.

रानांवरील संकट याहून मंद गतीचे आहे, म्हणून ते बातमीत येत नाही. हॉटेलांच्या शेजारीच असलेले बिजिलोचे रान माकडांसाठी व पक्ष्यांसाठी प्रसिद्ध. त्याचा एक भाग तोडून तेथे मोठे परिषदगृह बांधले गेले, आणि विरोध करणाऱ्यांचे कोणी ऐकले नाही. दक्षिणेस गुंजूर येथे गावकऱ्यांनी स्वतः राखलेल्या बोलोंग फेन्यो या सरोवराचे पाणी मे २०१७ मध्ये एकाएकी लाल झाले व मासे मरून वर आले. शेजारी मासळीची भुकटी करणारा परदेशी कारखाना नुकताच सुरू झाला होता. परिषदगृहात परकी पाहुणे आले, भुकटीही परदेशी गेली. इकडे नदीतील कुंता किंते बेटास लाटा चाटून खात आहेत. किल्ला नांदता होता त्या वेळच्या क्षेत्रफळाचा सुमारे सहावा हिस्सा आज शिल्लक आहे, आणि उरलेल्या भिंती लाटांपासून वाचविण्यासाठी दगडांचे बांध घालावे लागले आहेत.

महामारीच्या हंगामात कोतूच्या पुलावरील दुर्बिणीवाल्या तरुणांना गिऱ्हाईक नव्हते. वटवटे मात्र त्या वर्षीही आले, ऑस्प्रे आली, पिवळे धोबी भातखाचरांत उतरले. त्यांना कोणत्याही सरकारचे पत्रक लागत नाही. पुढे विमाने पुन्हा सुरू झाली. आता ऑक्टोबर सरता सरता पाऊस ओसरला की पुलाजवळची ही मंडळी कोणता पक्षी कोठे उतरला याची पाहणी करून ठेवतात. पाखरे आधी पोचलेली असतात. पहिले विमान त्यांच्या मागून येते.